उद्योजकतेचा विषय आणि विद्यार्थ्यांचा कल: पार्श्वभूमी

उद्योजक प्रशिक्षणाने घडवता येतो, हा विचार आपल्याकडे १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडात उद्योजकांना प्रशिक्षण देऊन पाहण्याच्या प्रयोगापासून चर्चेत आला. १९७० नंतर गुजरातने तो पहिल्या पिढीच्या उद्योजकांसाठी वापरला. कॉलेजचा विद्यार्थी मात्र तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

चित्र पालटलं २०१६ मध्ये. जानेवारीत केंद्राची स्टार्टअप योजना आली आणि त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रमांसाठी वेगळं मंडळ आणलं. २०१९ च्या केंद्रीय धोरणाने तर हजेरी कमी पडली तरी स्टार्टअपवाल्या विद्यार्थ्याला, संस्थेच्या परवानगीने, परीक्षेला बसू देण्याची मुभा दिली. जागा, मार्गदर्शन वगैरेंच्या बदल्यात संस्था त्या स्टार्टअप कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते, असंही त्यात आहे.

मग प्रश्न आला तो उद्योजकतेच्या कोर्सने विद्यार्थ्यांचा धंद्याकडचा कल वाढतो का, हे मोजण्याचा. बहुतेक प्रश्नावल्या १९९१ च्या एका मानसशास्त्रीय मांडणीवर उभ्या आहेत: धंद्याबद्दल स्वतःचं मत, घरच्यांचं आणि मित्रांचं मत, आणि 'मला जमेल' हा विश्वास. विद्यार्थी १ ते ७ मध्ये गुण देतो, कोर्सच्या आधी आणि नंतर. गुण वाढले की कोर्स यशस्वी. इथेच घोळ होतो. विषय ऐच्छिक असेल तर तो घेणारी मुलं मुळातच धंद्याकडे झुकलेली असतात. शिवाय परीक्षेचे गुण देणारे शिक्षकच या प्रश्नावल्या गोळा करत असतील, तर ७ च्या खाली कोण जाईल?

नेदरलँड्समध्ये एकाच कॉलेजच्या दोन केंद्रांची तुलना झाली. एका केंद्रात विद्यार्थ्यांनी छोटी कंपनी चालवली, दुसऱ्यात हा कार्यक्रमच नव्हता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कंपनी चालवलेल्यांचा कल उलट घसरला. अनेकांनी याला शिक्षणाचं अपयश ठरवलं. तसं मानायचं कारण नाही.

पुण्याजवळच्या भोसरीतल्या वर्कशॉपकडून सुटे भाग करून घेण्याचा साधा ताळेबंद मांडायला लावा. मुलं कच्चा माल आणि मजुरी बरोबर धरतात. स्वतःचा पगार, नापास झालेले नग आणि खेळतं भांडवल विसरतात. माल रोखीने घ्यायचा आणि बिलाचे पैसे ४५ दिवसांनी यायचे, तर मधल्या दीड महिन्याचा खर्च कुठून काढायचा? हे कळल्यावर दोघांनी माघार घेतली, तर तासाचं काम झालं. वडिलांचंच वर्कशॉप असलेल्या मुलाला यातलं बरंच आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याच्या गुणांत फार फरक पडत नाही.

पुण्यात आणखी एक अडचण वेळापत्रकाची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात प्लेसमेंटचा हंगाम सुरू असताना हा विषय ठेवला, तर ऑफर लेटर हातात आलेल्या मुलाची प्रश्नावली कोर्सबद्दल काहीच सांगत नाही. खरी नोंद पास झाल्यावर तीन-चार वर्षांनी घ्यायला हवी. तोवर कॉलेजने दिलेला ई-मेल बंद झालेला असतो.