सेकंदाला ५० बिट, म्हणून जीपीएस उशिरा लागतो

मागच्या महिन्यात सोलापुरात अक्कलकोट रोडला एका लग्नाला निघालो होतो, गाडीवर मागे मित्र, कार्यालय नवीन झालेलं म्हणून साखर पेठेतच थांबून मॅप उघडला तर तो निळा ठिपका काही येईना. चार मिनिटं झाली, पाच झाली. मित्र म्हणाला, "तुझ्या फोनची रेंज वरपर्यंत जात नाही बे, मोठा नेटपॅक मार." शेवटी पानवाल्याला विचारलं आणि अक्षतांना पोचलो.

मित्राच्या एका वाक्यात दोन गैरसमज होते. फोन उपग्रहाकडे काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो. आपण रेडिओवर आकाशवाणी सोलापूर लावतो तेव्हा रेडिओ काही स्टेशनला फोन करत नाही, तसंच. आणि ऐकायला नेट लागत नाही. नेटचा संबंध आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी, त्याकडे येतो.

माझा फोन जुना आहे, कंपनीची सिस्टीम काढून त्यात ओपन सोर्स अँड्रॉइड टाकलंय. बाकी सगळं मस्त, फक्त जीपीएस रखडायचं. अँटेना गेली असं दोघा-तिघांनी सांगितलं. एकाने फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायला लावला, त्याने फोनमधला कंपास सुधारतो, जीपीएसला त्याचं काही देणंघेणं नाही, पण लोक लिंबू-मिरची बांधल्यासारखं श्रद्धेने फिरवत राहतात. मग गच्चीवर जाऊन जीपीएसटेस्ट नावाचं ॲप लावलं तर ११ उपग्रह दिसतायत, बार चांगले उंच, आणि वापरात किती? शून्य! म्हणजे अँटेना ठणठणीत होती. ऐकू येत होतं पण पुढचं काही होत नव्हतं.

सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून फोन उपग्रहाचं अंतर काढतो, हे शाळेतल्या गणिताइतकं सोपं. पण उपग्रह सेकंदाला जवळपास ४ किलोमीटर पळतोय, तो स्वतः या क्षणी कुठे आहे हे कळल्याशिवाय त्या अंतराचा उपयोग काय? म्हणून प्रत्येक उपग्रह स्वतःचं पंचांग सोबत प्रसारित करतो. दाते पंचांग आपल्याच गावचं, त्यामुळे सोलापूरकरांना पंचांग म्हणजे काय ते सांगायला नको, कुठला गोल कधी कुठे असेल त्याचं गणित. (त्या गणितावरून मुहूर्त काढणं हा वेगळा धंदा, त्याला गणिताची साक्ष लागू नाही.) उपग्रहाच्या या पंचांगाला एफेमेरिस म्हणतात आणि ते येतं सेकंदाला ५० बिट (बिट म्हणजे एक ० किंवा १) या वेगाने. या वेगाने १०० केबीचा एक गुड मॉर्निंगचा फोटो यायला साडेचार तास लागतील!

एवढं हळू का, तर सिग्नल फार क्षीण आहे. २०,२०० किलोमीटरवर काही डझन वॉटचा ट्रान्समीटर, इथे पोचेपर्यंत तो आवाज नॉइजच्याही (आजूबाजूच्या खरखरीच्या) खाली बुडालेला असतो. फोनला त्या उपग्रहाचा १०२३ तुकड्यांचा ठरलेला कोड आधीच माहीत असतो, तो मिलिसेकंदाला एकदा येतो, आणि असे २० कोड एकावर एक रचून मिळतो फक्त एक बिट. असे ३० बिट म्हणजे एक शब्द, त्यातले २४ माहितीचे आणि ६ तपासणीचे. १० शब्दांचा एक भाग, ६ सेकंदांचा. असे पाच भाग, म्हणजे १५०० बिट, ३० सेकंद. पहिल्या तीन भागांत उपग्रहाचं घड्याळ आणि त्याची अचूक कक्षा, उरलेल्या दोनांत सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी, ती २५ हप्त्यांत येते म्हणून पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं.

आता साखर पेठेतली ती गल्ली घ्या. दोन्हीकडे तीन मजली घरं, वर आभाळाची एक पट्टी. पंचांग उतरतंय, तेवढ्यात आपण फोन दाखवायला मित्राकडे वळलो आणि एक शब्द फुटला, तपासणीत नापास झाला. तो पुन्हा म्हण असं सांगता येत नाही, आपण ऐकणारे. तोच भाग परत यायला ३० सेकंद थांबायचं. तेव्हा दुसरं काही फुटलं तर अजून ३०. आणि हे एका उपग्रहाचं झालं, लागतात किमान चार. त्यामुळे ठिपका येत नाही म्हणून फोन घेऊन इकडेतिकडे फिरणारा माणूस आपलंच काम लांबवत असतो.

नेट येतं ते इथे. एरवी स्मार्टफोन हेच पंचांग सर्व्हरवरून क्षणात उतरवतात, ए-जीपीएस (असिस्टेड जीपीएस) म्हणजे एवढंच. माझ्या फोनमध्येही ते सुरूच होतं, पण जाहिराती अडवायला मी जे ब्लॉकर टाकलं होतं त्याने चिप कंपनीचा तो सर्व्हरही यादीत धरला होता. ओपन सोर्सला शिव्या घालून झाल्यावर सापडलं, घोळ माझाच. यादीतून काढलं, जीपीएसटेस्टमध्ये जुना डेटा पुसून नवा घेतला, गच्चीवर ७ सेकंदांत ठिपका. जीपीएस बूस्टर म्हणून जी ॲप मिळतात ती फार तर हाच डेटा पुसून परत मागवतात, वर जाहिराती. ५० बिटचे ५१ कुणाच्या बापाला करता येत नाहीत.

रविवारी नेट बंद करून, डेटा पुसून कंबर तलावाच्या काठावर फोन कट्ट्यावर नुसता ठेवला. ४१ सेकंद लागले. तसंच पुसून साखर पेठेत त्याच पानटपरीसमोर उभा राहिलो तर ६ मिनिटं, आणि पानवाल्याने मधेच विचारलं, "आज कुठलं कार्यालय?"