धक्क्याला लागणारी याने : मालवाहू उड्डाणांची पार्श्वभूमी

मालवाहू यान अंतराळ स्थानकाला ‘जोडले गेले’ असे मराठी बातमीत वाचले, तरी नेमके काय घडले ते कळत नाही, कारण त्या एका क्रियापदात डॉकिंग आणि बर्थिंग या दोन निराळ्या क्रिया दडलेल्या असतात. दोन्ही शब्द बंदराचे असूनही मुंबईकराला ते इथे उपयोगी पडत नाहीत. आपल्याकडे डॉक म्हणजे ससून डॉकसारखी जागा आणि बर्थ म्हणजे बोटीला, नाहीतर रेल्वेत, मिळालेली जागा. अंतराळातला फरक मात्र शेवटचे काही मीटर कोण पार करतो याचा आहे. डॉकिंगमध्ये यान स्वतःच्या इंजिनांवर येऊन धक्क्याला लागते. बर्थिंगमध्ये ते सुमारे 10 मीटरवर थांबते आणि स्थानकावरचा यांत्रिक हात त्याला पकडून दाराशी आणतो. मोठ्या जहाजाला टग ओढून आणतात, तसाच हा प्रकार.

फरक केवळ शब्दांचा असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. बर्थिंगचे दार चौकोनी, सुमारे 1.27 मीटर रुंद असते आणि त्यातून प्रयोगांचे आख्खे रॅक आत जातात. डॉकिंगची वाट जेमतेम 80 सेंटिमीटरची असते. उलट, बर्थ केलेले यान हाताच्या मदतीवाचून सुटू शकत नाही, त्यामुळे संकटात तातडीने निघून जाण्यासाठी ही पद्धत गैरसोयीची ठरते.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. 20 जानेवारी 1978 रोजी निघालेले सोव्हिएत मालवाहू यान ‘प्रोग्रेस 1’ दोन दिवसांनी ‘साल्यूत 6’ या अंतराळ स्थानकाला लागले, ते त्या स्थानकाला दुसरे दार होते म्हणूनच. पुढे दोन दशके डॉकिंगच चालले. 25 जून 1997 रोजी मात्र दूरनियंत्रणाने आणले जाणारे प्रोग्रेस ‘मीर’ या रशियन स्थानकाच्या ‘स्पेक्तर’ विभागावर आदळले आणि तो विभाग कायमचा बंद करावा लागला. दोष यान हाताळणाऱ्यावर आला. पण महागडी स्वयंचलित यंत्रणा वगळता येते का हे पाहण्यासाठीच दूरनियंत्रणाचा तो प्रयोग योजला होता, हे त्या चर्चेत फारसे ठळक झाले नाही.

2008 अखेरीस अमेरिकेने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापर्यंतच्या मालवाहतुकीची कंत्राटे खासगी कंपन्यांना दिली आणि तिचे स्वतःचे यान, शटल, 2011 मध्ये थांबले. जपानच्या एचटीव्ही या मालवाहू यानाने 2009 मध्ये वापरलेली यांत्रिक हाताने पकडण्याची पद्धतच या कंपन्यांच्या ‘ड्रॅगन’ आणि ‘सिग्नस’ यानांनी स्वीकारली. नवख्या यानाला थेट स्थानकावर येऊ देण्यापेक्षा ती सुरक्षित होती, शिवाय दार मोठे मिळत होते. 2014-15 मध्ये आठ महिन्यांत तीन मालवाहू उड्डाणे फसली, आणि योगायोगाने तिन्ही महिन्याच्या 28 तारखेला. त्यांपैकी जून 2015 मधल्या ड्रॅगनसोबत, स्थानकाच्या जुन्या दारावर नव्या धाटणीच्या डॉकिंगसाठी बसवायचे पहिले जोडणीचे कडे (अडॅप्टर) देखील नष्ट झाले. दुसरे कडे 2016 मध्ये आणि नष्ट झालेल्याची जागा घेणारे 2019 मध्ये पोहोचले, आणि डिसेंबर 2020 पासून मालवाहू ड्रॅगन स्वतःच धक्क्याला लागू लागले. याला प्रगती म्हटले गेले; रॅक नेण्याची सोय गेली, ही बाजू मागे पडली. सिग्नस आणि एचटीव्हीचे नवे रूप आजही हाताच्याच आधाराने येतात.

भारताने 16 जानेवारी 2025 रोजी प्रत्येकी सुमारे 220 किलोचे दोन उपग्रह कक्षेत जोडले, तेही डॉकिंगनेच. दोन्ही बाजूंची यंत्रणा सारखी असल्याने कोणतेही यान पुढाकार घेऊ शकते. त्यांच्या जोडणीच्या कड्याचा व्यास 450 मिलिमीटर होता. माणसांच्या मोहिमांसाठी योजलेली आवृत्ती 800 मिलिमीटरची आहे, म्हणजे आख्खा रॅक त्यातूनही जाणार नाही.