खाड्याचे सहा शिलिंग : हॅलिफॅक्स, बॅटली आणि १८९५ चषक

१२ ऑगस्ट २०२३, शनिवार. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर हॅलिफॅक्स पँथर्सने बॅटली बुलडॉग्जला १२–१० असे हरवले आणि रग्बी लीगचा १८९५ चषक जिंकला. दोन्ही संघ इंग्लंडमधल्या दुसऱ्या श्रेणीचे. दोन्ही गावे वेस्ट यॉर्कशायरमधली, एकमेकांपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. त्या दिवशी वेम्बलीवर तीन अंतिम सामने झाले, त्यांतला हा सर्वांत धाकटा. तरीही या चषकाचा हाच हंगाम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चषकाच्या नावात जे साल आहे, त्या साली खेळाची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या क्लबांपैकी दोन क्लब या अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते फक्त तेव्हाच. २०१९ ते २०२५ या काळात असे सहा अंतिम सामने झाले, बाकीच्या पाचांत ते घडले नाही.

१८९५ साली झाले काय, हे समजायला एक शब्द पुरेसा आहे, आणि तो आपल्या गिरणगावाला पाठ आहे : खाडा. एक दिवस हजेरी लागली नाही, की त्या दिवसाची मजुरी बुडाली. रग्बी लीग हा खेळ जन्माला आला तो या खाड्यावरून.

उत्तर इंग्लंडमध्ये, म्हणजे यॉर्कशायर आणि लँकशायरमध्ये, १८७० नंतर रग्बी झपाट्याने पसरली. खेळणारे कोण, तर लोकरीच्या आणि सुताच्या गिरण्यांतले, कोळशाच्या खाणींतले, गोदीतले कामगार. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायला लागल्या आणि कामगाराला आठवड्यातून एक मोकळी दुपार मिळाली. सामने त्याच दुपारी व्हायचे. घरच्या मैदानावर सामना असला तर निभायचे. पण लांबच्या गावी जायचे तर सकाळची गाडी पकडावी लागे, आणि मग खाडा ठरलेला. संघ जिंकत गेला की सामने वाढायचे, सामने वाढले की खाडे वाढायचे. म्हणजे जो जितका चांगला खेळणार, त्याच्या घरी पगार तितका कमी येणार. मैदानाबाहेर तिकिटाचे पैसे मोजून हजारो लोक आत येत होते, आणि आत धावणाऱ्याच्या बायकोला मात्र वाण्याकडे उधारी मागावी लागे.

उत्तरेच्या क्लबांची मागणी साधी होती. खेळण्याचा पगार नको, फक्त बुडालेली मजुरी भरून द्यायची परवानगी द्या. १८९३ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात तेव्हा रग्बीचा सगळा कारभार पाहणाऱ्या रग्बी युनियन या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत यॉर्कशायरच्या जेम्स मिलर यांनी तसा ठराव मांडला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. युनियन चालवणारे बहुतेक बड्या शाळांत आणि विद्यापीठांत शिकलेले, सुखवस्तू घरांतले. खेळ हौसेचा असावा, त्याला पैशाचा विटाळ नको, हे त्यांचे तत्त्व. स्वतःचा शनिवार सकाळचा पगार कधी बुडाला नाही, त्याला हे तत्त्व पाळणे सोपे होते.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या रेल्वे स्टेशनजवळच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी युनियनमधून बाहेर पडून आपली वेगळी ‘नॉर्दर्न युनियन’ काढली. तिच्याच खेळाला पुढे रग्बी लीग हे नाव पडले. स्टॉकपोर्टने होकार कळवला तो टेलिफोनवरून. बॅटलीशेजारच्या ड्यूझबरीने मात्र बैठकीला येऊनही तेव्हा हात आखडता घेतला. ती बैठक आणि पुढचे थोडे दिवस मिळून २२ क्लब एकत्र आले. त्यांत बॅटली होते, हॅलिफॅक्स होते. लीग (Leigh, हे गावाचे आणि त्याच्या क्लबचे नाव), वेकफील्ड, विडनेस, विगन, लीड्स, सेंट हेलेन्सही होते. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम क्लबने पहिले विजेतेपद मिळवले, आणि १९०३ मध्ये तोच क्लब रग्बी सोडून फुटबॉलकडे वळला. आजचा ब्रॅडफर्ड सिटी तो हाच.

खाड्याचा दर ठरला दिवसाला सहा शिलिंग, त्याहून जास्त नाही. १८९८ मध्ये उघड मानधनाला परवानगी मिळाली, पण खेळाडूला कुठेतरी खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे या अटीवर. हे कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते पुढे १९०५ मध्ये निघाले, पण कामावर जाणारा माणूसच शनिवारी मैदानात उतरतो ही रीत या खेळाच्या खालच्या श्रेणींत अजून जिवंत आहे. इकडे रग्बी युनियनने फुटून निघालेल्यांना जवळपास वाळीतच टाकले. एकदा रग्बी लीग खेळलेला माणूस, त्याने छदामही घेतला नसला तरी, युनियनच्या मैदानाला मुकायचा. हा बहिष्कार पुढची कितीतरी दशके चालला. ऑगस्ट १९९५ मध्ये, फुटीला शंभर वर्षे पुरी व्हायला अवघे काही दिवस उरले असताना, युनियननेही आपले दार पैशाला उघडले.

वेगळी चूल मांडल्यावर खेळही वेगळा होत गेला. बाजूरेषेवरून चेंडू आत फेकायची रांग १८९७ मध्ये गेली. १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले आणि पकडलेल्या खेळाडूने उठून चेंडू टाचेने मागे सरकवायची पद्धत आली. आज एका संघाला चेंडू सहा पकडींपर्यंत ठेवता येतो, सहावी पकड झाली की चेंडू समोरच्याकडे. कबड्डी पाहत वाढलेल्या डोळ्यांना हा हिशेब चटकन कळतो.

बाद पद्धतीची मोठी स्पर्धा, चॅलेंज कप, सुरू झाली १८९७ मध्ये. तिचा पहिला अंतिम सामना २४ एप्रिल रोजी लीड्सच्या हेडिंग्लेवर झाला आणि सेंट हेलेन्सला १०–३ ने हरवून तो जिंकला बॅटलीने. १८९८ मध्ये पुन्हा बॅटली, १९०१ मध्ये परत बॅटलीच.

हे बॅटली म्हणजे चिंध्यांचे गाव. १८१३ च्या सुमारास इथल्या बेंजामिन लॉ यांनी जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढायची रीत बसवली, आणि देशोदेशीचे जुने कपडे बॅटलीत येऊन पडू लागले. त्यातून स्वस्त घोंगड्या आणि सैन्याचे गणवेश निघत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर याच गिरण्यांत कामाला भरूच-सुरतकडची गुजराती कुटुंबे आली. आज बॅटलीच्या बाजारात गुजराती सहज कानावर पडते. गावाचे मैदान माउंट प्लेझंट टेकडीवर आहे आणि ते चक्क उतरते आहे. एका अर्ध्या डावात चढावर खेळायचे, दुसऱ्या अर्ध्यात उतारावर. पाहुण्या संघाचे पाय चढावर जड होतात, घरच्यांना कुठे थांबायचे आणि कुठे चेंडू लाथाडायचा हे अंगवळणी पडलेले असते.

१९२९ मध्ये चॅलेंज कपचा अंतिम सामना लंडनला वेम्बलीवर नेला गेला आणि तेव्हापासून उत्तरेच्या गावांना वेम्बली म्हणजे पंढरी झाली. त्या पहिल्या सामन्यात विगनकडून २–१३ ने हरला तो ड्यूझबरीचा संघ, बॅटलीचा अगदी कुंपणापलीकडचा शेजारी. बॅटलीला मात्र वेम्बली दिसली नाही. १९०१ नंतर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात हा क्लब परत पोहोचलाच नाही. पहिल्या विजेत्याला वेम्बलीच्या गवतावर पाऊल ठेवायला २०२३ उजाडावे लागले, शेजाऱ्यानंतर ९४ वर्षांनी.

हॅलिफॅक्सची गोष्ट निराळी. गालिच्यांसाठी नावाजलेले हे शहर, डीन क्लफची अजस्र गिरणी एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या गालिचा-कारखान्यांत गणली जाई. वेम्बलीवर त्यांनी १९३१ मध्ये यॉर्कला २२–८ ने हरवले. १९५४ मध्ये वॉरिंग्टनशी ४–४ अशी बरोबरी झाली आणि फेरसामना ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर ठेवला गेला. त्या संध्याकाळी अधिकृत नोंदीप्रमाणे १,०२,५६९ माणसे आत होती. वॉरिंग्टन ८–४ ने जिंकले, पण आमचे आजोबा त्या गर्दीत होते असे सांगणारी घरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या निघतात. मग १९८७. सेंट हेलेन्सविरुद्ध हॅलिफॅक्स एका गुणाने पुढे, १९–१८. सेंट हेलेन्सचा मार्क एलिया चेंडू बगलेत घेऊन रेषेवर झेपावला. आता फक्त चेंडू जमिनीला टेकवायचा बाकी होता. मागून आलेल्या जॉन पेंडलबरीने त्याच्या हातातला चेंडू उडवला. चेंडू सुटला, आणि कप हॅलिफॅक्सला आला. ज्या एका गुणाने ते जिंकले, तो गुण देणारी लाथही पेंडलबरीचीच होती. पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, विगनकडून ते हरले आणि त्यानंतर २०२३ पर्यंत वेम्बलीचे दार त्यांनाही बंद राहिले.

ते दार बंद का झाले याचे मुख्य कारण पैसा. १९७३ पासून दोन श्रेणी कायमच्या झाल्या आणि अंतर पडत गेले. १९९५ मध्ये माध्यमसम्राट रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख पौंड देऊ केले, आणि १९९६ मध्ये सुपर लीग ही सर्वांत वरची श्रेणी आली. पैशाबरोबर एक योजनाही आली होती : जवळजवळच्या क्लबांनी विलीन व्हावे. फेदरस्टोन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड मिळून एकच क्लब करायचा घाट घातला गेला. गावे खवळली, लोक निषेधाचे फलक घेऊन उभे राहिले, आणि विलीनीकरण बारगळले. मात्र फेदरस्टोनला सुपर लीगमध्ये जागा मिळाली नाही. हॅलिफॅक्स २००३ मध्ये तिथून खाली उतरले ते परत वर गेलेले नाहीत. वरचे क्लब पूर्णवेळ खेळाडू ठेवू लागले, खालचे दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी सराव यावर चालत राहिले. अशा संघाने बाद पद्धतीत चार-पाच पूर्णवेळ संघांना हरवून वेम्बली गाठावी, ही अपेक्षा दरवर्षी थोडी आणखी दुबळी होत गेली.

खालच्या क्लबांसाठी वेगळा चषक हवा हा विचार तेव्हापासूनचा. २००२ ते २०१३ अशी एक स्पर्धा चाललीही, बरीच वर्षे नॉर्दर्न रेल कप या नावाने, आणि तिचे बहुतेक अंतिम सामने ब्लॅकपूलला समुद्रकाठी झाले. बॅटलीने २०१० मध्ये विडनेसला २५–२४ असे हरवून ती जिंकली, हॅलिफॅक्सने २०१२ मध्ये फेदरस्टोनला नमवून. सहल म्हणून ब्लॅकपूल चांगले, पण ती वेम्बली नव्हे.

म्हणूनच २०१९ मध्ये १८९५ चषक सुरू झाला तेव्हा त्यातली खरी देणगी ठिकाणाची होती. अंतिम सामना वेम्बलीवर, चॅलेंज कपच्याच दिवशी. पहिला चषक शेफील्ड ईगल्सने विडनेसला ३६–१८ ने हरवून नेला. २०२० चा हंगाम कोविडने बुडाला. २०२१ मध्ये फेदरस्टोनने यॉर्कला ४१–३४ ने हरवले. यॉर्क १९३१ नंतर, म्हणजे तब्बल ९० वर्षांनी तिथे खेळत होते, आणि फेदरस्टोन १९८३ नंतर. १९८३ मध्ये फेदरस्टोनने हल संघावर मात करून चॅलेंज कप जिंकला होता. दोनच वर्षांनी गावातली ऍक्टन हॉलची कोळसाखाण बंद पडली. २०२२ चा सामना टॉटनहॅमच्या मैदानावर झाला आणि लीग गावाच्या क्लबने फेदरस्टोनला ३०–१६ ने हरवले.

मग २०२३. बॅटलीचे प्रशिक्षक क्रेग लिंगार्ड, याच क्लबकडून वर्षानुवर्षे खेळलेले, क्लबचे सर्वाधिक ट्राय (म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) त्यांच्या नावावर. आदल्या वर्षी त्यांचा अर्धवेळ संघ दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम लढतीपर्यंत जाऊन लीगकडून हरला होता. हॅलिफॅक्सचे प्रशिक्षक सायमन ग्रिक्स, त्यांचाही संघ अर्धवेळच. लागलेला फरक दोन गुणांचा, म्हणजे गोलखांबांमधून गेलेल्या एका लाथेइतका.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती सांगितलीच पाहिजे. हा सामना चॅलेंज कपच्या अंतिम लढतीनंतर ठेवला की मोठ्या संघांचे प्रेक्षक परतीच्या बसेस गाठायला निघतात आणि ज्यांनी हा खेळ उभा केला ती गावे ओस पडत चाललेल्या गॅलऱ्यांसमोर खेळतात. तो आधी खेळवावा. स्टेडियम भरत असताना बॅटलीचे नाव पुकारले गेले पाहिजे. हे आणखी निकडीचे झाले आहे, कारण २०२५ पासून सुपर लीगमध्ये जागा मिळू लागली ती गुणतक्त्यावर नव्हे, तर आर्थिक ताकद, मैदान, प्रेक्षकसंख्या अशा निकषांच्या श्रेणीवर. लंडन ब्राँकोजने २०२३ मध्ये बढती जिंकली आणि या श्रेणीमुळे एका वर्षात ते परत खाली आले.

चषक पुढे चालू आहे. २०२४ मध्ये वेकफील्डने शेफील्डचा ५०–६ असा धुव्वा उडवला. १९७९ नंतरची ती त्यांची पहिली वेम्बली. २०२५ मध्ये यॉर्कने फेदरस्टोनला ५–४ ने हरवले, एका गुणाने.

आणि १२ ऑगस्ट २०२३ चा दुसरा निकाल : चॅलेंज कप जिंकला लीग गावाच्या क्लबने, हल के.आर.ला (हल किंग्स्टन रोव्हर्स) जादा वेळेत एका गुणाने हरवून, १७–१६. आदल्या वर्षी १८९५ चषक उचलून वर गेलेला हाच क्लब, तोही त्या २२ मधला. त्यांनी यापूर्वी चॅलेंज कप जिंकला होता तो १९७१ मध्ये.