‘नियंत्रण’ ते ‘निवड’: एका नावामुळे झालेला घोळ

समुपदेशकाकडे गेलेल्या माणसाला आज बरेचदा एक प्रश्न ऐकावा लागतो: ‘यात तुमची निवड कोणती?’ या प्रश्नामागे जो सिद्धांत आहे, तो म्हणजे विल्यम ग्लासर यांची ‘चॉइस थिअरी’, अर्थात निवड सिद्धांत. त्याच्या नावात आधी ‘निवड’ नव्हतीच. 1996 पर्यंत तो ‘कंट्रोल थिअरी’, म्हणजे नियंत्रण सिद्धांत, म्हणून ओळखला जायचा.

आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, ही वाटणी स्टोइक तत्त्वज्ञांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच केली होती. आपल्याला इथे हवा आहे तो विसाव्या शतकाचा मध्य. तेव्हा उपचार म्हणजे बालपण उकरणं, आणि वर्तन म्हणजे बाहेरच्या चेतकाला दिलेला प्रतिसाद, असं मानणाऱ्यांचा जोर होता. कॅलिफोर्नियातल्या मुलींच्या सुधारगृहात काम करणाऱ्या ग्लासर या मनोविकारतज्ज्ञाला दोन्ही वाटा अपुऱ्या वाटल्या. मुलींना भूतकाळाची कारणं चांगलीच ठाऊक होती. उद्या काय करायचं, ते सुचत नव्हतं. त्यातून 1965 मध्ये ‘रिअ‍ॅलिटी थेरपी’ ही उपचारपद्धती पुस्तकरूपाने मांडली गेली. पद्धत तयार होती, पण ती का लागू पडते हे सांगणारा सिद्धांत हाताशी नव्हता.

तो मिळाला अभियांत्रिकीतून. माणूस बाहेरच्या धक्क्याने हलत नाही, हवं ते आणि दिसतं ते यांतलं अंतर मिटवण्यासाठी हलतो, अशी मांडणी 1973 मध्ये झाली होती. नमुना थर्मोस्टॅटचा. खोली गार झाली की यंत्र चालू होतं, कारण ठरवलेलं तापमान आणि प्रत्यक्षातलं तापमान जुळत नाही. सुधारगृहातल्या त्या डॉक्टरने हे मॉडेल उचललं आणि ‘हवं ते’ म्हणजे काय, याची पाच गरजांत फोड केली: जगणं, प्रेम व आपलेपणा, सत्ता, स्वातंत्र्य आणि मजा.

आता नावाचा घोळ. ‘नियंत्रण’ म्हटलं की लोकांना वाटायचं, दुसऱ्यांना ताब्यात कसं ठेवावं याची ही विद्या असणार. सिद्धांत नेमका उलटं सांगत होता: आपण फक्त स्वतःचं वर्तन ताब्यात ठेवू शकतो. म्हणून नाव बदललं. एक गैरसमज गेला, पण माझ्या मते त्याहून जास्त दुखावणारा दुसरा आत आला. थर्मोस्टॅटच्या चित्रात गारठा कुणी मागितलेला नसतो. ‘निवड’ म्हटलं की दुःखही मागून घेतल्यासारखं ऐकू येतं. त्यात भर म्हणजे भावनांची नामं क्रियापदांत बदला, असा ग्लासर यांचा आग्रह होता. नैराश्य ‘आलं’ म्हणायचं नाही, ते आपण ‘करतो’ म्हणायचं. मराठीत हे फारच टोचतं. आपल्याकडे राग येतो, भीती वाटते, रडू कोसळतं. हे सगळं ‘मला’ होतं, ‘मी’ करत नाही. मार खाणाऱ्या बाईला किंवा काम गेलेल्या माणसाला ‘हे तुम्ही निवडलंत’ असं सांगणं म्हणजे दोष देणंच, हा टीकाकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

मूळ मांडणी मात्र इतकी कठोर नाही, आणि हे सहसा सांगितलं जात नाही. तिच्यात वर्तनाचे चार भाग आहेत, मोटारीच्या चार चाकांसारखे. कृती आणि विचार ही पुढची चाकं, त्यांना आपण वळवू शकतो. भावना आणि शरीराच्या प्रतिक्रिया ही मागची चाकं, ती ओढली जातात. म्हणजे उदासी थेट निवडता येत नाही. उदास असताना फोन उचलायचा की नाही, एवढं निवडता येतं.

नव्वदच्या दशकात ही मांडणी दवाखान्याबाहेर पसरली. 1990 मध्ये शाळांसाठी आलेल्या पुस्तकात ‘बॉस’ आणि ‘नेता’ असा भेद केला होता: बॉस काम तपासतो, नेता माणसाला स्वतःचं काम स्वतः तपासायला लावतो. नातेसंबंधांसाठी सात घातक सवयी सांगितल्या गेल्या: टीका, दोषारोप, तक्रार, टुमणं, धमकी, शिक्षा आणि काबूत ठेवण्यासाठी दाखवलेलं आमिष. यातलं आमिष पालकांना सर्वांत जड जातं, कारण ते प्रेमासारखं दिसतं.

2003 मध्ये ग्लासर यांनी मनोविकारांवरच्या औषधांविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि टीकाकारांशी असलेला वाद चिघळला. ती भूमिका बाजूला ठेवूनही पद्धत वापरता येते. काय हवंय, त्यासाठी काय करताय, त्याने काम होतंय का आणि पुढे काय करायचं, हे चार प्रश्न औषध चालू असलेल्या माणसालाही विचारता येतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर समुपदेशकाने द्यायचं नसतं.