नाशिकच्या एमआयडीसीतली कार्बन कपात

कारखाना चालवताना हवेत जाणारे हरितगृह वायू मोजायचे आणि कमी करायचे, याला कार्बन कपात म्हणतात. मुख्य वायू कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसतं कार्बन म्हटलं तरी हाच), पण त्याशिवाय मिथेन आणि काही माणसाने बनवलेले गॅसही यात धरतात. नाशिकला हा विषय जरा वेगळा पडतो कारण इथे सिमेंटची भट्टी नाही, रिफायनरी नाही. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यात गाड्या, गाड्यांचे पार्ट, स्विचगिअर (वीज चालू-बंद करणारी, नियंत्रित करणारी उपकरणं), औषधं आणि वाईन बनते, त्यामुळे धूर ओकणाऱ्या चिमण्या शोधायला निघालात तर मोजक्याच सापडतील. सगळ्यात मोठी चिमणी एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची, २१० मेगावॉटचे तीन संच, पण ती वीज ग्रीडला जाते आणि तिचा कार्बन वीजनिर्मितीच्या खात्यात पडतो.

म्हणजे इथला बराचसा कार्बन वीजबिलात लपलेला आहे. ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. हिशेबासाठी कार्बनचे तीन गट करतात, त्यांना स्कोप म्हणतात: कारखान्यात प्रत्यक्ष जळणारं डिझेल, फर्नेस ऑइल, एलपीजी हे स्कोप वन, विकत घेतलेली वीज स्कोप टू, आणि कच्चा माल, वाहतूक वगैरे स्कोप थ्री. डिझेल जनरेटरचं सोपं गणित म्हणजे एक लिटर जाळलं की २.७ किलोच्या आसपास कार्बन.

आता कपात कुठून सुरू करायची, तर माझ्या मते मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरपासून. रविवारी कंपनी बंद असताना शॉप फ्लोअरवर नुसतं उभं राहा, मशीन सगळी गप्प असतात आणि कुठूनतरी सुस्स्स आवाज येत असतो, कुठे कपलिंग ढिलं, कुठे पाइप चिरलेला. हवा फुकट असते असा आपल्याकडे समज आहे, पण ७ बार दाबाच्या हवेच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर सुमारे ३ किलोवॉट खातो. चोवीस तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर २१ हजारांवर युनिट, म्हणजे १५ टन कार्बन, एका भोकातून! साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तिथे खूण करायची आणि दहा-वीस रुपयांचं वॉशर बदलायचं, एवढंच काम असतं, पण मेंटेनन्सवाल्याला त्यासाठी वेळ कोणी देत नाही.

फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, तसंच. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात आणि झाकण उघडं ठेवून गप्पा मारल्या की उष्णता वर निघून जाते. बॉयलर किंवा हीट ट्रीटमेंटवाल्यांना इंधन बदलता येतं. सारख्याच उष्णतेसाठी कोळसा ९५ किलो कार्बन सोडत असेल तर फर्नेस ऑइल ७७ आणि नैसर्गिक गॅस ५६. शेडवर सोलर लावलं तर एक किलोवॉटमागे वर्षाला जवळपास टनभर वाचतो, फक्त सातपूरच्या जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे ते वजन पेलतील का हे आधी बघावं लागतं.

नाशिकचा खास मुद्दा एसएफ-६ गॅसचा. इथे बनणाऱ्या काही स्विचगिअरमध्ये इन्सुलेशनसाठी हा गॅस भरतात आणि त्याचा एक किलो निसटला तर २३ हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. म्हणून भरताना-काढताना गॅस परत गोळा करणारी मशीन लागते. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचंही तेच, थंडाव्यासाठी भरलेला आर-४०४ए सारखा गॅस गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ३,९०० पट फटका, अमोनिया वापरला तर तो प्रश्न नाही, मात्र तो विषारी. वाईनच्या टाकीतून बुडबुडणारा कार्बन डायऑक्साइड मात्र हिशेबात धरत नाहीत, कारण तो द्राक्षाने हवेतूनच घेतलेला असतो. वाईनचा खरा कार्बन काचेच्या बाटलीत.

मोठ्या कंपन्या पुढे गेल्यात. महिंद्राचा इगतपुरी प्लांट देशातला पहिला कार्बन न्यूट्रल कारखाना असल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. न्यूट्रल म्हणजे शून्य नव्हे, उरलेलं झाडंबिडं लावून भरून काढायचं असतं. खरी अडचण व्हेंडरची, म्हणजे त्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कारखानदारांची. आयात मालाच्या कार्बनवर पैसे आकारणाऱ्या युरोपच्या सीबॅम नियमात लोखंड-पोलादासोबत नट-बोल्टही येतात, ऑक्टोबर २०२३ पासून आकडे द्यावे लागतात आणि जानेवारी २०२६ पासून पैशाचा भागही सुरू. इकडे शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या नियमामुळे मोठ्या लिस्टेड कंपन्यांना स्वतःच्या कार्बनचा हिशेब छापावा लागतो, मग त्या खालच्या व्हेंडरला एक्सेल शीट पाठवतात. आणि व्हेंडर बसलाय अंबडच्या भाड्याच्या गाळ्यात, मीटर मालकाच्या नावावर, शेजारच्या दोन गाळ्यांनाही तेच कनेक्शन, मग महिन्याचे युनिट तिघांत अंदाजाने वाटून तो शीट भरतो.