गोठवलेला प्रोसेसर पुन्हा चालू कसा होतो?

२ सप्टेंबर २०२५ला दिल्लीत सेमिकॉन इंडियाच्या मंचावर ‘विक्रम ३२०१’ हा भारतात घडवलेला ३२ बिटांचा प्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला. बातमी आली आणि आमच्या जळगाव-भुसावळकडे लगेच सूर निघाला, की चिपचं काम मोहालीचं नाहीतर बंगळुरूचं, केळी-कापसाच्या खान्देशातल्या पोरांनी तिकडे बघूच नये. चिप घडवायला कारखाना लागतो, हे खरं. पण कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) किती ठेवावी, कोअर (प्रत्यक्ष गणितं करणारे भाग) किती असावेत, मेमरी कशी जोडावी हे ठरवायला एक बऱ्यापैकी रॅमचा लॅपटॉप पुरतो. धुळ्याच्या वसतिगृहातही ते होतं.

त्यासाठी असतो सिम्युलेटर, म्हणजे प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. ‘जेमफाइव्ह’ हा त्यातला सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्यांपैकी एक. मिशिगन विद्यापीठातला ‘एमफाइव्ह’ आणि विस्कॉन्सिनमधला ‘जेम्स’ असे दोन प्रकल्प एकत्र करून तो तयार झाला. त्यावरचा मूळ शोधनिबंध २०११चा. जेमफाइव्ह फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे.

यंत्र कसं हवं ते तुम्ही पायथॉनच्या एका कॉन्फिगरेशन फाईलमध्ये लिहिता: दोन कोअर, ३२ केबीची डेटा कॅश, २ जीबी मेमरी, कोण कोणाला जोडलेलं. त्यातून भागांचं एक झाड तयार होतं आणि प्रत्येक भागाला पूर्ण पत्ता मिळतो, उदाहरणार्थ ‘सिस्टिम.सीपीयू.डीकॅश’. हा पत्ता लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर अडतं. चालू होताना सिम्युलेटर या यंत्राची पूर्ण यादी, तुम्ही न लिहिलेल्या मूळ किमतींसह, आउटपुटच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. नव्या मुलांनी आधी ती यादी वाचावी. ६४ केबी लिहिलंय असं वाटत असतं आणि यादीत भलतंच निघतं.

आता अडचण वेगाची. बारकाईने नक्कल करणारं मॉडेल सेकंदाला साधारण दोन लाख सूचना (प्रोग्रॅममधल्या एकेक आज्ञा) चालवतं असं धरू. खरा प्रोसेसर सेकंदाला तीनशे कोटी सूचना सहज उरकतो. म्हणजे खऱ्या यंत्राच्या एका सेकंदाला इथे पंधरा हजार सेकंद, चार तासांहून जास्त. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बूट होईपर्यंतच, म्हणजे सुरू होईपर्यंतच, जीव जातो, आणि मे महिन्यात आमच्याकडे मधेच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी साध्या, वेगवान मॉडेलवर लिनक्स बूट करायचं, तिथे यंत्राची अवस्था गोठवून जतन करायची (याला चेकपॉइंट म्हणतात), आणि मग तिथूनच बारीक मॉडेल लावून पुढे जायचं.

इथून खरी गंमत सुरू होते. चेकपॉइंट म्हणजे एक फोल्डर. त्यात मेमरीची दाबून लहान केलेली प्रत असते आणि एक साधी मजकुराची फाईल. ती एडिटरमध्ये उघडून बघा. चौकटी कंसात भागाचा पूर्ण पत्ता, त्याखाली रजिस्टरांमधली (प्रोसेसरच्या आतल्या चिमुकल्या साठवणींमधली) मूल्यं, पुढच्या सूचनेचा पत्ता, कुठला टायमर केव्हा वाजणार ते. वरच्या बाजूला चालू घडी, म्हणजे सिम्युलेटरच्या घड्याळातली वेळ, तीही पिकोसेकंदात. एका सेकंदात अशा एक लाख कोटी घड्या.

पण वाटेल त्या क्षणी हा फोटो काढता येत नाही. कॅशने मेमरीकडे डेटा मागितलाय आणि उत्तर अजून वाटेत आहे, अशी अर्धवट देवाणघेवाण फाईलमध्ये लिहिणं फार किचकट. म्हणून आधी ‘ड्रेन’ करतात. भुसावळकरांना हे चटकन कळेल: रुळांच्या कामासाठी ब्लॉक घेताना सेक्शनमधल्या गाड्या आधी पुढच्या स्टेशनात काढतात, नवी गाडी आत सोडत नाहीत, आणि सेक्शन मोकळा झाल्यावरच काम सुरू होतं. सिम्युलेटरही प्रत्येक भागाला विचारतो, तुझं काही बाकी आहे का? एकाचंही ‘हो’ आलं तर घड्याळ थोडं पुढे सरकवून पुन्हा विचारतो. सगळे मोकळे झाले की साध्या (‘क्लासिक’) प्रकारच्या कॅशमधला बदललेला डेटा मेमरीत परत लिहिला जातो, आणि मगच जतन.

परत उभं करताना क्रम उलटा नसतो, वेगळाच असतो. चेकपॉइंटमध्ये यंत्र नसतंच, त्याची फक्त अवस्था असते. त्यामुळे आधी कॉन्फिगरेशन फाईल वाचून सगळे भाग नव्याने बांधतात, एकमेकांना जोडतात, त्यांची प्राथमिक तयारी करतात. एरवी यानंतर प्रत्येक भाग कोऱ्या सुरुवातीच्या अवस्थेत जातो. चेकपॉइंट दिला असेल तर त्या जागी प्रत्येक भाग स्वतःच्या पत्त्याने फाईलमध्ये आपला विभाग शोधतो आणि त्यातली मूल्यं उचलतो. घडीही जुन्या जागी येते. मग यंत्र धावू लागतं, आणि आतल्या लिनक्सला मधे काही घडल्याचं कळतही नाही.

म्हणूनच कॉन्फिगरेशनमध्ये कोअरचं नुसतं नाव बदललं तरी सिम्युलेटर ‘हे सापडत नाही’ म्हणून थांबतो. मेमरी २ जीबीची ४ जीबी केली तरी थांबतो, आणि थांबतो ते योग्यच करतो. कोअरची संख्याही तीच लागते.

कॅश मात्र बदलता येते, कारण साध्या कॅशमधला मजकूर चेकपॉइंटमध्ये जातच नाही. एकाच चेकपॉइंटवरून १६, ३२, ६४ केबी अशा तिन्ही कॅश तपासता येतात. पण परत उभं राहिलेल्या यंत्राची कॅश रिकामी असते. सुरुवातीच्या सूचनांना पुन्हा पुन्हा मेमरीकडे धावावं लागतं आणि आकडे वाईट दिसतात. ते आकडे तसेच प्रोजेक्टच्या अहवालात छापणं ही चक्क दिशाभूल आहे.

एक ऐकीव गोष्ट इथेच खोडून काढतो. ‘अमावस्येला रन लावू नका, निकाल बिघडतो’ असं शिकली-सवरलेली मुलं बोलताना मी ऐकलंय. तोच सिम्युलेटर, तीच फाईल, तोच चेकपॉइंट असेल तर नेहमीच्या पद्धतीने चालवल्यावर शेवटच्या अंकापर्यंत तोच निकाल येतो. तिथी कुठलीही असो. आकडा बदलला तर तुम्ही काहीतरी बदललंय. दोन्ही वेळच्या कॉन्फिगरेशनच्या याद्या शेजारी ठेवा, फरक तिथेच दिसण्याची शक्यता जास्त.

अशा थंड, म्हणजे रिकाम्या, कॅशवर उपाय सोपा आहे. परत उभं केल्यावर काही कोटी सूचना नुसत्या चालू द्यायच्या, मग आकडेवारी शून्यावर आणायची आणि तिथून पुढे मोजायचं. कॅश जितकी मोठी, तितकी ही तयारी लांबवावी लागते. ६४ केबीला पुरलेला वेळ ८ एमबीच्या कॅशला पुरत नाही.