हापूस आंब्याची समाजमाध्यमांवरील थेट विक्री

कोकणातील बागायतदाराने दलाल आणि घाऊक बाजार यांना वगळून व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांतून गिऱ्हाइकाशी स्वतः गाठ घालायची आणि पेटी थेट त्याच्या घरी पोचवायची, अशी ही विक्रीपद्धत आहे. महाराष्ट्रातील छोट्या व्यावसायिकांना सोशल मीडिया खरोखर कुठे उपयोगी पडतो आणि कुठे पडत नाही, हे तिच्यावरून स्पष्ट दिसते.

जुनी वाट नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारातून जाते. बागायतदार पेटी भरून गाडीत चढवतो, दलाल ती विकतो आणि काही दिवसांनी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, येते. पेटी किती रुपयांना गेली, आडत (दलाली), हमाली आणि भाडे किती कापले, हे तेव्हा कळते. आपला आंबा कोणी खाल्ला, त्याला तो आवडला का, हे मात्र कधीच कळत नाही. बरेच बागायतदार फवारणी-खतासाठी हंगामाआधीच दलालाकडून उचल घेतात. त्यामुळे माल कुठे पाठवायचा हेही आधीच ठरून गेलेले असते. जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि थेट विक्रीची वाट कायद्याने मोकळी झाली. त्याच वर्षी मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि यूपीआय सुरू झाले. छोट्या व्यावसायिकांसाठीचे व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप जानेवारी २०१८मध्ये भारतात आले.

या पद्धतीला खरा जोर आला तो २०२०च्या टाळेबंदीत. फळ झाडावर तयार होते आणि बाजार कधी चालू, कधी बंद. मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी ‘आमच्या गावाकडचा आंबा येतोय, कोणाला हवा?’ असा निरोप टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस पेट्यांची यादी तयार व्हायची. एका सोसायटीला एक टेम्पो, एकच फेरी. त्याच मे महिन्यात एसटीने मालवाहतूक सुरू केली आणि रत्नागिरीहून मुंबईकडे आंब्याच्या पेट्या लाल गाडीतून निघाल्या. त्या उन्हाळ्यात जोडलेली गिऱ्हाइके पुढेही टिकली.

माध्यमांची कामे वेगवेगळी आहेत, आणि ती ओळखणारा बागायतदार कमी कष्टात जास्त विकतो. इन्स्टाग्रामवरचे रील अनोळखी माणसापर्यंत पोचते, म्हणून ते ओळख करून देण्यासाठी चांगले. ही सोय भारतात जुलै २०२०मध्ये आली. फेसबुकवर गावाचे, तालुक्याचे, परदेशातील मराठी माणसांचे गट आहेत, तिथे शिफारस चालते. अमेरिकेत किंवा आखातात राहणारा मुलगा तिथून पैसे भरून पुण्यातल्या आईवडिलांकडे पेटी पाठवतो, हा व्यवहार बहुतेकदा अशाच गटातून जुळतो. प्रत्यक्ष सौदा मात्र व्हॉट्सॲपवर होतो. तिथे बिझनेस ॲपच्या कॅटलॉगमध्ये आकारानुसार दर लावता येतात, आणि ‘पैसे आले’, ‘पेटी निघाली’ अशी लेबले लावून हिशेब ठेवता येतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ माणसे बसतात, आणि ज्याने बागायतदाराचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. अनेक जण नेमके हेच विसरतात. पेटीत नाव-नंबराची चिठ्ठी घालून ‘नंबर सेव्ह करा’ एवढे लिहिले, तर ते पैसे देऊन केलेल्या जाहिरातीपेक्षा जास्त कामाला येते. दहा हजार फॉलोअर असलेल्या पानापेक्षा गेल्या वर्षी आंबा घेतलेल्या तीनशे घरांची वही मोलाची आहे, कारण ती तीनशे माणसे नातेवाइकांना सांगतात.

काय दाखवायचे, हे हंगामच ठरवतो. थंडीत मोहोर येतो, मग कणी (बारीक कोवळे फळ), मग फळ; मार्च ते मे काढणी. डिसेंबरपासून बागेचे फोटो येत राहिले, तर गिऱ्हाईक फळाची वाट पाहू लागते. अवकाळी पाऊस झाला, फुलकिडे आले, पहिला मोहोर गळून पुन्हा मोहोर फुटला, हेही सांगावे. ज्याला हे कळलेले असते तो मार्चमधल्या चढ्या दरावर कुरकुर करत नाही. पाडव्याला नोंदणी घ्यावी. अक्षय तृतीयेला मागणी सर्वांत जास्त असते, म्हणून त्या आठवड्याचा माल आधीच वाटून ठेवावा आणि जितका आंबा झाडावर आहे तितकीच नोंदणी घ्यावी. मेमध्ये दर उतरतात, तेव्हा ज्यांना पहिली पेटी परवडली नाही त्यांना आठवणीने कळवावे. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवलेले फळ, पिकवण्यासाठी लावलेली गवतातली आढी, पेटी भरताना होणारी निवड असे साधे व्हिडिओ चांगले चालतात. चकाचक जाहिरातीतला आंबा कुठलाही असू शकतो, पण झेल्यात पडणारे फळ या बागेचेच आहे हे दिसते.

गिऱ्हाइकाला शिकवणे हे विक्रीचेच काम आहे. घरी येणारा आंबा बहुधा हिरवट आणि कडक असतो, कारण पिकलेला आंबा प्रवासात टिकत नाही. शहरातल्या नव्या गिऱ्हाइकाला तो कच्चा माल वाटतो आणि तो रागावतो. पेटी उघडून हवा लागू द्या, फ्रिजमध्ये ठेवू नका, वास सुटला आणि देठाजवळ फळ मऊ लागले की खा, अशा चार ओळी आधी पाठवल्या की निम्म्या तक्रारी उरत नाहीत. उरतो तो साका. फळ बाहेरून देखणे असते आणि आत पांढुरका, पोकळ गर निघतो. तो वरून ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही. म्हणून ‘कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळे भरून देऊ’ हा शब्द आधी द्यावा आणि पाळावा. साक्याची तक्रार आल्यावर चोवीस तास गप्प बसलेला विक्रेता पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक गमावतो, मग त्याची रील कितीही पाहिली जावोत.

नावाचा प्रश्न मोठा आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील फळापुरते आहे, आणि मानांकन वापरण्यासाठी बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तरीही कर्नाटकातला आंबा ‘देवगड हापूस’ म्हणून सर्रास खपतो, आणि ऑनलाइन तर फळ हातात घेऊन वास पाहायचीही सोय नाही. देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने अलीकडे फळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावायला सुरुवात केली आहे. नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो, गावाचे नाव आणि बागेतून केलेला व्हिडिओ कॉल एवढे पुरावे छोट्या बागायतदारालाही देता येतात, आणि त्याने ते न मागता द्यावेत.

याच फटीतून फसवणूक शिरते. दुसऱ्याच्या बागेचे फोटो लावून पान तयार होते, दर बाजारापेक्षा खूपच कमी असतो, पैसे आगाऊ मागितले जातात आणि नंतर फोन बंद. असे झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. खऱ्या बागायतदाराचेही यात नुकसान होते, कारण एकदा हात पोळलेला माणूस कोणालाच आगाऊ पैसे देत नाही. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम आधी आणि निम्मी पेटी मिळाल्यावर, ही तडजोड म्हणूनच न्याय्य वाटते.

कायद्याचे काही मुद्देही आहेत. कॅल्शियम कार्बाइडने आंबा पिकवण्यास बंदी आहे. फळ पिकवण्यासाठी इथिलीन वायूला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६मध्ये ठरावीक प्रमाणात परवानगी दिली. तेव्हा ‘कार्बाइडमुक्त’ ही फुशारकी नसून किमान अट आहे, आणि इथिलीन वापरले असेल तर ‘गवतात पिकवलेला’ असे लिहू नये. एखाद्या इन्फ्लुएन्सरला पेटी फुकट देऊन व्हिडिओ करून घेतला, तर ती जाहिरात आहे हे त्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये तसे सांगितले आहे.

या पद्धतीने वाशीचा बाजार संपलेला नाही. शेकडो पेट्या रोज निघणाऱ्या मोठ्या बागेला एकेका घराशी बोलणे झेपत नाही. डागी आणि लहान फळ कॅनिंगलाच जाते. बहुतेक जण निवडक माल थेट विकतात आणि उरलेला बाजारात पाठवतात. शिवाय फोन सांभाळायला घरातले एक माणूस पूर्ण हंगाम लागते. हे काम पुष्कळ घरांत सून किंवा मुलगी करते, आणि त्याची मजुरी दराच्या हिशेबात क्वचितच धरली जाते. ती धरायला हवी. पाऊस सुरू झाला की आंबा संपतो. मग त्याच यादीवर आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ यांचे निरोप जातात, आणि डिसेंबरात पहिल्या मोहोराचा फोटो.